काकीचं नाव अर्जात नाही

पिंपळटोला, ता. अर्जुनी मोरगाव
२६ डिसेंबर २०२२

तीर्थरूप काकीस,
दुधरामचा साष्टांग नमस्कार.

फोन असताना याला पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली, असं तुला वाटेल. मतमोजणीच्या संध्याकाळी मी प्रचारातल्या रामलालशी फोनवर जे बोललो, ते कोणीतरी रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मी माझाच आवाज ऐकला. वाईट काही बोललो नव्हतो. हरलेला माणूस बोलतो तेवढंच. पण आपला आवाज दुसऱ्याच्या खिशातून ऐकू आला की कसंसंच होतं. गोंदियाचे हिमांशू वकील म्हणाले, "अब फोन पर सिर्फ तबीयत-पानी, दुधरामजी. बाकी कुछ नहीं." म्हणून तब्येत फोनवर विचारीन, बाकीचं इथं.

सरपंचपदाला मी छोटेलालपुढे चार मतांनी पडलो, हे तुला कळलंच आहे. तुला एकोणीस पडली. फोनवर तू नुसती रडत होतीस, म्हणून एकदा स्वच्छ लिहितो. यात तुझा काडीचा दोष नाही. छाननीत माझा अर्ज उडाला तर घरातलं कोणी उभं असावं, म्हणून तुझा डमी अर्ज भरला. गावात सगळेच भरतात. माघारीच्या दिवशी रुचिकाला कळा सुटल्या आणि 'तू तिरोड्यात लेकीजवळच थांब' असं मीच सांगितलं. तू आधी सही करून ठेवलेला कागद घेऊन मी तहसीलात गेलो. साहेब म्हणाले, उमेदवार स्वतः पाहिजे, नाहीतर तुम्हाला पाठवल्याचा लेखी अधिकार पाहिजे. तो कागद आपण केलाच नव्हता. बोलता बोलता वेळ संपली आणि तुझी छत्री निशाणी मशीनवर राहिली. साहेबांचंही चुकलं नाही. माझ्या मते त्याच सुमाराला तिकडे बाळ पहिल्यांदा रडलं असेल. त्या दिवसाची मी तेवढीच गोष्ट लक्षात ठेवणार आहे.

कोर्टात जायचं ठरतं आहे. निकालापासून पंधरा दिवसांत अर्ज पडला पाहिजे. माझ्यापेक्षा माझ्या माणसांचा जोर जास्त आहे. पण तलावातला गाळ काढायचं मी लोकांना बोललो होतो, ते मनातून जात नाही.

बाळाला मामाचा आशीर्वाद सांग.

तुझा
दुधराम

*

तिरोडा
३० डिसेंबर

चि. दुधरामास काकीचा आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोस्टमन हसून राहिला होता. म्हणे, बाई, या घरी बिलाशिवाय पहिल्यांदा काही आलं.

तुले वाटते मी तू हरला म्हणून रडली. खरं सांगू काय? मी एकोणीसासाठी रडली. जन्मात कोणाले काही मागितलं नाही मी. अन् न मागता एकोणीस माणसाईनं माझ्या छत्रीवर बोट ठेवलं. कायले ठेवलं असल? मंग आठवलं का त्यातले पाच तरी तुझे होते, अन् लाज वाटली. दोन्ही रडणे एकामागं एक आले. फोनवर कसं समजावू?

आता गावाहून फोनावर फोन येऊन राहिले. शामकला म्हणते, काकी, मी तुमालेच देलं. तिची सून म्हणते, मी पण. छोटेलालची बायको हळूच म्हणते, "काकी, मी तुमालेच देलं, पण यायले सांगू नका." स्वतःचा नवरा उभा असून! आतापर्यंत सत्तावीस जणींनी सांगतलं. एकोणीस मतं अन् सत्तावीस मतदार. याचीच केस टाक कोर्टात.

कोर्टात जाशीन तर पाय पाहून टाक. रामलाल अन् बाकीचे पोट्टे तुले घोड्यावर बसवतील, घोड्याले चारा तुले टाका लागल.

बाळाले नाव ठेवणं आहे, पण माघारीच्या दिवशी झाला म्हणून घरात सारे त्याले 'उमेदवार'च म्हणून राहिले. उमेदवार रडला, उमेदवार भिजला. जावळ तुझ्याच मांडीवर काढू. मामा एकच आहे त्याले.

काकी

*

पिंपळटोला
५ जानेवारी २०२३

तीर्थरूप काकीस,
साष्टांग नमस्कार.

अर्ज मुदतीच्या आत पडला. दोन दिवस गोंदियात वकिलांच्या ऑफिसात बसून होतो. कोर्टाचा कागद शेतीसारखाच असतो हे मला नव्यानं कळलं. एक काम राहिलं की पुढचं सगळं वाया. तारीख चुकली तर अर्ज गेला. मजकुराखाली शपथेवर सही नसली तर गेला. विरुद्ध बाजूला द्यायच्या प्रत्येक प्रतीवर 'ही खरी प्रत' म्हणून अर्जदाराची स्वतःची सही पाहिजे. सही करून करून माझं नाव मलाच परकं वाटायला लागलं.

आता अर्जात काय आहे ते सांगतो. आपल्या गावचा ताराचंद तुला माहीत आहेच. तो आणि त्याची बायको दुर्गा आता तुमच्या तिरोड्यातच राहतात, ठेक्याच्या कामावर. मतदानाला तो गावी आला होता. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्यासोबत एक माणूस आत जाऊन बटण दाबू शकतो. पण एका माणसानं एकाच मतदाराला न्यायचं, असा नियम आहे. ताराचंदनं त्या दिवशी पाच जणांना नेलं. स्वतःच्या आईला आणि गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांना. केंद्रावर कोणी अडवलं नाही. ताराचंद पूर्वी छोटेलालच्या ट्रॅक्टरवर होता, तेव्हा पाचही मतं त्यानं छोटेलालच्याच नावावर दाबली, असं गाव म्हणतं. मी चारनं हरलो. ही पाच काढली की मी एकानं जिंकतो. म्हणून अर्जात दोन मागण्या आहेत: छोटेलालची निवड रद्द करावी आणि मला निवडून आलेला जाहीर करावं.

समोरच्या बाजूला छोटेलाल आहे, निवडणुकीला उभा राहिलेला इंद्रकुमार आहे, निवडणूक अधिकारी आहेत. सगळं नीट झालं. तू काळजी करू नकोस.

'उमेदवार' हसायला लागला का?

तुझा
दुधराम

*

तिरोडा
२२ फेब्रुवारी

दुधराम,

मी महाशिवरात्रीले नागऱ्याच्या महादेवाले गेली होती. दर्शनाच्या लाइनीत समोर कोण, तर इंद्रकुमार. सात मतं पडलेला. मले म्हणते, "काकी, तुमाले कधी भेटला समन्स? आमच्या घरी तर कोर्टाचा माणूस आला, चहा पेऊन गेला." मी म्हटलं, मले नाही भेटला. तो म्हणते, "असं कसं? आपण चौघं होतो ना उभे?" लाइनीतल्या साऱ्या बाया माझ्या तोंडाकडे पाहून राहिल्या.

सातवाल्याले समन्स अन् एकोणीसवालीले नाही?

मले आता समजलं. तू लिहिलं होतं 'काडीचा दोष नाही'. दोष नाही, तर मंग नाव काऊन नाही? हिच्यामुळं हरलो, आता कोर्टात तरी हिचं तोंड नको, असंच ना? मी डमी होती हे खरं आहे, बापा. पण मशीनवर माझं नाव खरं होतं. ज्याईनं बोट ठेवलं ते खरे होते. तू मले त्या दिवसातून पुसूनच टाकलं, जशी मी उभीच नव्हती.

महादेवासमोर उभी राहिली, पण हात जोडून काय मागावं तेच सुधरलं नाही.

जावळासाठी मी शेजारच्या गायधनेचा पोरगा पाहून ठेवला. रुचिकाले तो बहीण मानते. त्याची मांडी चालल.

सुलोचनाबाई

*

पिंपळटोला
२ मार्च

तीर्थरूप काकीस,

तू पत्राखाली 'सुलोचनाबाई' लिहिलंस. मी ते दहा वेळा पाहिलं. तू मला कधी अशी सही केली नव्हतीस.

खरं ते लिहितो. लपवलं होतं, पण तू समजलीस त्या कारणासाठी नाही.

अर्ज तयार होत होता तेव्हा वकील म्हणाले, "चारों का नाम आएगा. आप अर्जदार, बाकी तीन गैरअर्जदार." मी म्हटलं, काकीचं नको. "क्यों?" त्यांनी कागद समोर धरला. वर माझं नाव, मधे एका ओळीत एकटाच शब्द, 'विरुद्ध', आणि त्याखाली तिघांची नावं. त्या शब्दाखाली मला तुझं नाव पाहवेना.

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. तू मला पेज भरवायचीस आणि स्वतः मागून भांडं पुसून खायचीस, हे मला तेव्हाही दिसत होतं. आता कोर्टाचा माणूस तुझ्या दारात येणार, तुझा अंगठा किंवा सही घेणार आणि हातात कागद देणार, दुधराम विरुद्ध सुलोचनाबाई. शेजारपाजार विचारणार, काय झालं बाई, पुतण्यानं केस केली? मी म्हटलं, वकीलसाहेब, हे माझ्यानं होणार नाही. ते हसले. "अरे, नाम की बात है. जेल थोड़ी होगी काकी को." मी उठायलाच लागलो, तेव्हा म्हणाले, "अच्छा बैठो, बाद में देखेंगे."

तुला सांगितलं नाही, कारण तू 'घाल' म्हणाली असतीस. मग मला घालावं लागलं असतं.

तुला पुसायला निघालो नव्हतो. तुझ्या नावावर 'विरुद्ध'ची सावली पडू नये एवढंच होतं. माझं चुकलं असेल. गायधनेच्या पोराची मांडी चांगली असेल, पण मामा मी आहे.

तुझा
दुधराम

*

तिरोडा
१९ मार्च

चि. दुधरामास काकीचा आशीर्वाद.

हे पत्र पोस्टानं नाही पाठवत. ज्याच्या हाती आलं, त्याले आधी पाणी दे. मंग वाच.

तुझं मागचं पत्र मी रुचिकाले वाचाले देलं. ती रडली, मी हसली. वेडा आहेस तू. कोर्टाच्या कागदावर काकीचं नाव आलं तर काकी परकी होते काय? पण ठीक आहे. गायधनेच्या पोराले मी सांगतलं, तुझी गरज नाही. तो पण सुटला, त्याले पोट्ट्याची भीतीच वाटत होती.

आता दुसरं. पत्र आणणारा परवा आला होता माझ्याकडे. ताराचंद अन् दुर्गा. "जयभीम, काकी" म्हटलं अन् दारातच उभे. मी म्हटलं, आत या. बसले, पण पाठ टेकली नाही. दुर्गा म्हणते, "काकी, दुधरामभाऊनं यायचं नाव कोर्टात टाकलं. आता याईले पोलीस नेतील काय?" मी ताराचंदले म्हटलं, तू काऊन पाच जणाले नेलं? तो म्हणते, "काकी, मी आईले घेऊन गेलो. तिले दिसत नाही. तर ओट्यावर बाकीचे बसले होते. म्हणे, ताराचंद, आमाले बी ने ना बापा, पोट्टे कोणी हात धरत नाही. मी नाही कसं म्हणू? तिथल्या मास्तरनं बी नाही अडवलं. नियम मले कोणी सांगतला?"

मंग तो बोलला ते ऐक. पाचातल्या तिघाईनं आत गेल्यावर त्याले सांगतलं, छत्री. सुलोचनाबाईची छत्री. कोरोनात मी दारोदार पेजेनं भरलेलं गंज घेऊन फिरत होती ना, ते त्याईनं लक्षात ठेवलं. दोघाईचं मी विचारलं, तर ताराचंद म्हणते, "ते त्यायचं त्यायच्यापाशी, काकी. तुमचं तुमाले सांगतलं, एवढंच."

आता तू हिशेब कर. मी चौथी पास आहे, पण मले बी समजते. पाच मतं काढली तर माझे तीन जातील. छोटेलालचे गेले तर दोन जातील. तरी बी तो दोननं वरच राहते. तू ज्याच्यासाठी भांडून राहिला, ते तिथं नाहीच.

अन् ताराचंदची आई म्हणते, "मी बटण तुले दाबाले लावलं, बोंबलाले नाही. कोर्टात माझं मत सांगशीन तर घरात येऊ नको." आता त्यानं खरं बोलावं का खोटं, ते तूच सांग.

पाणी देलं काय?

काकी

*

पिंपळटोला
३ एप्रिल

तीर्थरूप काकीस,
साष्टांग नमस्कार.

पाणी दिलं. मग पत्र वाचलं. मी वाचत असताना ताराचंद माझ्याकडे पाहत नव्हता, अंगणातल्या मोहाकडे पाहत होता. खाली फुलं पडली होती, ती तो बसल्या बसल्या वेचून एका बाजूला लावत होता. मी पत्र घडी करून ठेवलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "भाऊ, कोर्टाच्या पेशीले आईले आणा लागल काय? तिले बसमधी उलटी होते."

मी त्याला जेवायला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला जाऊन वकिलांना म्हणालो, अर्ज मागे घ्यायचा आहे. त्यांनी चष्मा काढला. "निवडणूक का मामला है, दुधरामजी. ऐसे घर की बात जैसा वापस नहीं होता. कोर्ट पूछेगा, क्यों ले रहे हो. और कोर्ट से पहले गांव पूछेगा, कितने में." मी म्हटलं, गाव मला ओळखतं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला. परत येताना बसस्टँडवर रामलाल भेटला. माझ्यासाठी या निवडणुकीत तो उन्हातान्हात फिरला आहे. मी नुसतं म्हणालो, रामलाल, केस सोडून द्यावी काय असं वाटतं. तो एकदम थांबला. म्हणाला, "कितीत झाला सौदा, भाऊ?" हसत नव्हता तो.

काकी, पुढे जावं तर एका आंधळ्या म्हातारीला पिंजऱ्यात उभं करायचं, तेही कशासाठी, तर नसलेल्या मतांसाठी. मागे यावं तर जे माझ्यासाठी फिरले त्यांच्या डोळ्यांत मी विकला गेलेला. दोन्हीकडे चिखल. सोमवारी महादेवाला पाणी घालायला जातो. पूर्वी काही ना काही मागत असे. आता नुसतं पाणी घालतो.

एक बातमी राहिली. छोटेलालच्या वकिलानं दोन हरकती घेतल्या आहेत. एक, त्याला मिळालेल्या प्रतीवर शेवटच्या पानावर माझी सही राहिली आहे. आणि दुसरी, चार उमेदवारांपैकी एक उमेदवार अर्जात नाही, म्हणून अर्ज चालवूच नये. आमचे वकील माझ्याकडे पाहून फक्त म्हणाले, "मैंने बोला था."

तुझा
दुधराम

*

तिरोडा
१४ एप्रिल

चि. दुधराम,

आज इथं बाबासाहेबांची जयंती. दुर्गानं घरी खीर पाठवली. गल्लीत निळे झेंडे लागले, डीजे एवढा वाजून राहिला का उमेदवार दचकून दचकून उठते. घाईत लिहिते.

तुझ्या वकिलाले सांग, माझं नाव आता घाल. मी येते कोर्टात. नवं लुगडं घालून येते. न्यायाधीशाले सांगते, साहेब, पोरगं माया करून चुकलं, मी हजर आहे, काय विचारायचं ते विचारा. तुझी लाज तरी राहील. ताराचंदचं मंग पाहू.

मले 'विरुद्ध'खाली लिहिलं तरी मी काही तुझ्या विरुद्ध होत नाही.

काकी

*

पिंपळटोला
२१ सप्टेंबर

तीर्थरूप काकीस,
साष्टांग नमस्कार.

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. फोनवर तब्येतीपुरतं बोलत होतो ते तुला माहीतच आहे. धानाची रोवणी आली, निंदण आलं, आणि लिहिण्यासारखं काही नव्हतं. पेशीवर पेशी पडत होती. तू नाव घालायला सांगितलंस ते वकिलांना लगेच कळवलं होतं. ते म्हणाले, "अब नहीं होगा. पंद्रह दिन में जो था, वही अर्ज है." म्हणून फोनवर तुला नुसतं 'गप्प राहा' एवढंच सांगितलं होतं.

काल निकाल झाला. अर्ज फेटाळला.

सगळं सांगतो. न्यायाधीश बाई आहेत, रुचिकाच्या वयाच्या. आधी सहीची हरकत घेतली. म्हणाल्या, एका प्रतीवर सही राहिली, ही चूक सुधारता येण्यासारखी आहे, तेवढ्यावरून अर्ज काढणार नाही. आमचे वकील जरा सरसावून बसले. मला मात्र आता ताराचंदची आई येणार, असं वाटलं.

मग दुसरी हरकत. बाई मराठीतच बोलल्या, सावकाश, जणू मलाच समजावत होत्या. ज्याला नुसती दुसऱ्याची निवड रद्द करून नको आहे, स्वतः निवडून आल्याचं जाहीर करून हवं आहे, त्यानं रिंगणातल्या प्रत्येकाला समोर आणलं पाहिजे. सुलोचनाबाईंना एकोणीस मतं आहेत. अर्जदार जी पाच मतं बाद करा म्हणतो, ती कोणाची आहेत हे कोणालाच माहीत नाही. त्यांतली काही या बाईंचीही असू शकतात. त्यांना न ऐकता त्यांची मतं कशी काढायची? आणि मुदत गेल्यावर त्यांना आता आणताही येत नाही.

काकी, तुझ्या घरी बसून ताराचंदनं जे सांगितलं ते त्या बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. 'असू शकतात' एवढंच त्या म्हणाल्या, आणि बरोबर त्या जागेवर बोट पडलं.

पाच मतांचा प्रश्न उघडलाच नाही. साक्ष नाही, पिंजरा नाही. धानाचा भारा डोक्यावरून उतरवला की मान थोडा वेळ आपोआप वर होते, तसं मला झालं. पण मी तोंड पडेल ठेवलं, कारण मागे रामलाल होता. बाहेर येऊन तो वकिलांच्या अंगावरच गेला. "एक नाव नाही घालता आलं तुमाले?" वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी खरं सांगितलं असतं तर दोष माझाच होता. पण भला माणूस, म्हणाला, "गलती हो गई." नंतर मी त्यांना एका बाजूला घेऊन हात जोडले. ते म्हणाले, "अपील करनी है?" मी म्हटलं, नाही. "मालूम था," म्हणाले.

मग मी रामलालला थांबवून खरं सांगितलं. नाव मीच घालू दिलं नाही, वकिलांचा दोष नाही. तो म्हणाला, "काकीसाठी?" मी मान हलवली. "तुमी सरपंच नाही झाले तेच बरं झालं, भाऊ," असं म्हणून त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. सौद्याचं नाव त्यानं काढलं नाही.

चहा पिताना छोटेलाल आला. मोजणीनंतर आम्ही बोललो नव्हतो. म्हणाला, "चल बे, गाडीत जागा आहे. कायले बसची वाट पाहतं?" रामलाल त्याच्या मोटारसायकलवर निघाला, मी गाडीत बसलो. नवेगाव बांध आलं. मग तो म्हणाला, "गाळाचं काम मंजूर करून राहिलो. कुठून काढायचा ते तूच दाखव, मले तलावातलं नाही समजत." मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "एक विचारू काय? माझ्या बायकोनं मत कोणाले देलं, तुले काही मालूम आहे काय?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. म्हटलं, "छोटेलाल, मत गुप्त असते."

तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

घरी येण्याआधी ताराचंदला फोन केला. आईला बसमध्ये बसावं लागणार नाही, एवढंच बोललो. रेकॉर्ड झालं असेल तर होऊ दे.

एक गोष्ट मनात राहते. मी ही गाठ धीरानं सोडवली नाही. ती माझ्या चुकीनं सुटली. बरं केलं असं म्हणवत नाही, पण बरं झालं. आज सोमवार नव्हता, तरी महादेवाला पाणी घालून आलो.

तुझा
दुधराम

*

तिरोडा
३० ऑक्टोबर

चि. दुधरामास काकीचा आशीर्वाद.

म्हणजे दोन डाव हरला तू, अन् दोन्ही डाव माझ्यामुळं. एकदा मी मशीनवर होती म्हणून, एकदा कागदावर नव्हती म्हणून. आता मी कुठंच उभी राहत नाही, भिऊ नको. खरं सांगू, तुझं पत्र वाचलं अन् मी देवाजवळ साखर ठेवली. जिंकला असता तर एवढी ठेवली नसती.

तुले समन्स कसा असते ते मले दाखवायचं नव्हतं. मंग मीच काढते.

हजर राहाची जागा, नागऱ्याचा महादेव. तारीख, कार्तिकी पुनव, सोमवार, सकाळी. काम, उमेदवाराचं जावळ. त्याले चार दात आले आहेत अन् चावते, सांगून ठेवते. मामानं मांडी घालून बसायचं. पोट्टा रडल, न्हाव्याले लाथा मारल, तरी सोडायचं नाही. गैरहजर राहशीन तर एकतर्फी निकाल लागल.

सोबत कोण पाहिजे ते लिहिते. तुझ्या घरचे सारे. रामलाल. छोटेलाल अन् त्याची बायको, तिले माझ्याजवळ बसव, आमचं एक गुपित आहे. ताराचंद अन् दुर्गा, अन् ताराचंदची आई. तिले छोटेलालच्या गाडीत समोर बसवा, काच खाली करून, म्हणजे उलटी होणार नाही. बाकीच्या चार म्हाताऱ्याईले पण आणा, पेज मी करते. वकीलसाहेबाले मी रुचिकाकडून फोन लावला, ते येतो म्हणाले. इंद्रकुमारले पण बोलाव. सात मतं पडली म्हणून काय झालं.

आता हे पुन्हा एकदा वाच अन् नीट पाह्य, कोणाचं नाव राहिलं काय. राहिलं असल तर मले विचारत बसू नको, तूच घाल.

काकी